गाफील

2023 च्या सप्टेंबरमधली ती रात्र. ईशाची नमाज मी घरीच पढत होतो. सलाम फेरण्याच्या आधी एकाएकी मनात आले, ही तिसरी रकात की चौथी? काही केल्या आठवेना. शरीर रुकूत गेले होते, सजद्यात गेले होते, ओठांनी सुराही म्हटल्या होत्या. पण मी तिथे नव्हतोच. मी शेजारच्या टेबलावर पालथ्या ठेवलेल्या मोबाईलमध्ये होतो. शंका आली तर काय करायचे हे लहानपणी मदरशात शिकलो होतो. कमी रकाती धरून आणखी एक पढली आणि शेवटी सजदा-ए-सहव केला. अम्मी पलंगावरून बघत होती. म्हणाली, "अल्ला के सामने खड़ा रहके बाजार का हिसाब करता क्या रे?"

हिशेब बाजाराचा नव्हता. त्याच दिवसांत सातारा जिल्ह्यातल्या, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमावाने हल्ला केला होता. मशिदीत असलेला एक तरुण त्यात जिवाला मुकला होता. आमच्या मिरजेत त्या बातमीने प्रत्येक घरात काहीतरी घट्ट आवळले गेले होते. 2009 च्या गणेशोत्सवातली ती कमान, ती दंगल आणि त्यानंतरची संचारबंदी इथे कोण विसरले आहे? त्या संध्याकाळी माझ्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. आरडाओरडा, धूर, पळणारी माणसे. खाली लिहिले होते की हे आत्ताचे आहे, आपल्या लोकांचे आहे. मी तो पुरता पाहिलासुद्धा नाही. नातेवाइकांच्या गटावर पुढे ढकलला आणि नमाजीला उभा राहिलो.

अर्ध्या तासात माझा भाचा गल्लीतल्या तीन पोरांना घेऊन मोटरसायकल काढत होता. कुठे जाणार, काय करणार, त्यालाही ठाऊक नव्हते. अम्मीने दारात उभे राहून त्याला अडवले, म्हणून तो थांबला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका शिकलेल्या मुलाने दाखवून दिले की तो व्हिडिओ कित्येक वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच राज्यातला होता. पुसेसावळीतला अन्याय खराच होता. पण मी पुढे पाठवलेली चीज खोटी होती.

रकात विसरली तर सजदा-ए-सहव आहे. न पाहता पुढे पाठवलेल्या आगीसाठी कोणता सजदा आहे? कानावर येईल ते सगळे सांगत सुटणे माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस मी वर्गात मुलांना सांगत आलो होतो. कुणी खबर घेऊन आला तर आधी तिची शहानिशा करा, हा हुजुरात सुरेतला हुकूमही मला पाठ होता. माहिती नव्हती म्हणून मी चुकलो, असे म्हणायची सोय नव्हती. मी चुकलो तो गाफील होतो म्हणून.

'गाफील' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो अरबीतून आला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. कुरआनात गफलत ही माणसाची मोठी व्याधी मानली आहे आणि तिच्यावरचा उतारा आहे जिक्र, म्हणजे आठवण. पुढे बौद्ध परंपरेविषयी वाचताना मला आश्चर्य वाटले ते याचे, की तिथेही व्याधी आणि उतारा यांची जोडी जवळजवळ हीच आहे. पालीत गफलतीला 'पमाद' म्हणतात आणि उताऱ्याला 'सति'. सति म्हणजे संस्कृतातली स्मृती. मूळ अर्थ पुन्हा आठवणच. महापरिनिर्वाणापूर्वी बुद्धांनी भिक्खूंना जो शेवटचा उपदेश केला, त्याचा आशय साध्या मराठीत सांगायचा तर गाफील राहू नका, एवढाच आहे. आज शहरांत 'माइंडफुलनेस' या नावाने जे शिकवले जाते, त्याचे मूळ या सतित आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये एका वैद्यकीय महाविद्यालयात ते ताणतणाव आणि दुखण्यांच्या रुग्णांसाठी सुरू केले आणि तिथून ते जगभर गेले. पण मला ते अमेरिकेहून आले नाही. सांगलीहून आले.

सांगलीत माझे एक जुने सहकारी शिक्षक राहतात. आम्ही वीस वर्षे एका शाळेत नोकरी केली. त्यांच्या वडिलांनी 1956 नंतर धम्मदीक्षा घेतलेली. सर स्वतः अनेक वर्षे रोज सकाळी ध्यानाला बसतात. व्हिडिओच्या त्या प्रकाराने मला इतकी शरम वाटत होती की घरात कुणाशी बोलवेना. म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी उपदेश केला नाही. सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, तो व्हिडिओ पुढं ढकलला त्या क्षणी अंगात काय होत होतं?"

मी असा विचार कधी केलाच नव्हता. आठवून सांगितले, "छातीत गरम झालं होतं. अंगठा थरथरत होता."

"मग तो तुम्ही नाही पाठवला. त्या थरथरीनं पाठवला."

पुढे त्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे. डोळ्यांना काही दिसते, कानांना काही ऐकू येते. लगेच शरीरात एक संवेदना उठते, सुखद किंवा दुःखद. आणि तिच्या पाठोपाठ मन झेपावते, हवे म्हणून किंवा नको म्हणून. हे इतक्या झटपट घडते की आपल्याला वाटते, आपण निर्णय घेतला. बुद्धांनी संवेदना आणि झेप यांच्यामधल्या सांध्यावर पहारा ठेवायला शिकवले. सतिपट्ठान सुत्तात हा पहारा चार ठिकाणी सांगितला आहे: शरीर, वेदना, चित्त आणि मनात येणारे विषय. त्यात चालणे, वळणे, खाणे, पिणे, बोलणे, गप्प राहणे हे सगळे आले. शौचाला जाणेसुद्धा सुटलेले नाही. म्हणजे ही विद्या फक्त गुहेत बसणाऱ्यासाठी नव्हती.

मला ती रीतसर शिकावीशी वाटली. आमच्याकडून कोल्हापूरला जाताना हातकणंगले लागते. तिथून जवळ आळते गावाच्या डोंगराकडे विपश्यनेचे केंद्र आहे. सत्यनारायण गोएंका ही विद्या ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले, 1969 मध्ये भारतात आले आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली. पुढे तशी केंद्रे गावोगाव झाली. दहा दिवस मौन, पहाटे चारची घंटा, दिवसाकाठी सुमारे दहा तास बैठक. पहिले तीन दिवस फक्त येणारा-जाणारा श्वास पाहायचा, मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहायच्या आणि शेवटी सर्वांसाठी मंगल मैत्री. फी नाही, आधीच्या साधकांच्या दानावर सगळे चालते. मी अर्ज घेतला, नियम वाचू लागलो आणि एका नियमापाशी थांबलो. शिबिराच्या काळात प्रत्येकाने आपापली प्रार्थना, जप, उपवास, कर्मकांड बाजूला ठेवायचे आहे.

नियमामागचे कारण मला पटले. एखादे औषध निर्मळपणे तपासायचे तर त्यात दुसरे मिसळू नये. हा नियम सर्वांना सारखा आहे, मुसलमानांसाठी वेगळा केलेला नाही. तरीही दहा दिवसांच्या पन्नास नमाजी मी बाजूला ठेवू शकत नव्हतो. जे मुसलमान तिथे जाऊन आले त्यांच्याविषयी माझा काही निवाडा नाही. प्रत्येकाचा मामला त्याच्या अल्लाशी. मी मात्र अर्ज परत ठेवला. सरांना सांगितले तेव्हा ते हसले. "नका जाऊ. विपश्यना शिकवायचा अधिकार मला नाही. पण श्वास बघायला कुणाची परवानगी लागत नाही. रोज दहा मिनिटं बसा आणि बाकीचा दिवस तोच धडा आहे असं समजा."

त्यानंतर एका रविवारी ते मला कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरावर घेऊन गेले. जखिणवाडीच्या अंगाला तिथे साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. अजिंठ्यासारखे काही नाही. बहुतेक साध्या खोल्या, खडकातच ठेवलेला एखादा ओटा, समोर कृष्णा-कोयनेचे खोरे. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या गावांमध्ये 'करहकट' असे नाव कोरलेले आहे आणि अभ्यासक ते आपले कराड मानतात. त्या ओट्यावर बसून मी विचार करत होतो की ज्या मातीतले आपले पूर्वज, त्याच मातीत कुणीतरी इथे बसून श्वास पाहिला. आपण कलमा पढला म्हणून त्या आधीची माती परकी कशी होईल?

पण इथेच एक सोपी पळवाट लागते आणि आपल्या लोकांना ती फार आवडते. कुठलीही चांगली गोष्ट दिसली की आपण म्हणतो, "हे तर आमच्यात आधीपासूनच आहे." आहे, यात खोटे काही नाही. नक्शबंदी सूफींच्या आठ सूत्रांत पहिलेच 'होश दर दम' आहे, प्रत्येक श्वासात होश. दुसरे 'नजर बर कदम', नजर पावलावर. 'खिलवत दर अंजुमन' म्हणजे माणसांच्या गर्दीतला एकांत. रोजच्या जगण्यात ध्यान कसे आणायचे याचे याहून नेमके नाव मला माहीत नाही. ही सूत्रे बाराव्या शतकातल्या बुखाऱ्याकडच्या ख्वाजा अब्दुल खालिक गुजदवानींच्या नावावर सांगितली जातात. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीवर ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर याच सिलसिल्यातले. 'पास-ए-अन्फास' म्हणजे तर श्वासांची राखणच.

होते खरे, पण माझ्या पिढीपैकी किती जणांना ते शिकवले गेले? मदरशात मला उच्चार शिकवले, रकाती मोजायला शिकवल्या. मन कुठे आहे हे कुणी विचारले नाही. ज्याच्या संदुकीत सोने आहे पण किल्ली हरवली आहे, त्याने शेजाऱ्याने किल्ली शोधून दिल्यावर 'सोने माझेच होते' एवढेच म्हणून दार लावून घेणे हा कृतघ्नपणा आहे. मला माझ्या घरातली आठवण एका बौद्ध मित्राने करून दिली. हे ऋण मोकळेपणाने मान्य करावे, असे मला वाटते.

दोन्ही एकच आहेत, असेही मी म्हणणार नाही. सूफी श्वासाला अल्लाचे नाव जोडतो. विपश्यनेत श्वासाला कोणतेही नाव जोडायचे नसते. माझा श्वास कुणाची तरी अमानत आहे असे मी मानतो. सर त्यात कुणी देणारा पाहत नाहीत. ते आत्मा मानत नाहीत, मी रूह मानतो. यावर आमचा वाद होतो आणि चहा थंड होतो. फरक पुसून केलेली दोस्ती टिकत नाही. फरक ठेवून एकमेकांकडून शिकता येते.

किल्ली हाती आल्यावर मला ती ओळखीची वाटली, कारण ती मी लहानपणी पाहिली होती. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत माझे एक चुलते तंबोरे करायचे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते शिकलगारांच्या हातातले कसब फार जुने. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेब 1937 पासून विसावले आहेत. उरुसात तिथे मोठमोठे गवई हजेरी लावतात. चाचांचे तंबोरे त्यांच्या मागे वाजायचे. तंबोऱ्याची जवारी काढणे हे काम बघण्यासारखे असते. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीने अगदी किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. सूर बंद असतो तो हळूहळू उमलतो. चाचा त्या वेळी कुणाशी बोलत नसत. मी एकदा विचारले, एवढा वेळ का लागतो? म्हणाले, "कान हलला की हात जास्त जातो. आणि घासलेलं परत येत नाही, बेटा."

घासलेले परत येत नाही आणि पाठवलेलेही परत येत नाही. चाचांनी ध्यान हा शब्द कधी उच्चारला नसेल. पण हात चालण्याआधी कान हजर असावा, हे ते जाणत होते. ते मात्र कानशीपुरतेच जाणत होते. घरात त्यांचा राग प्रसिद्ध होता. म्हणूनच एका कामातली एकाग्रता पुरी पडत नाही. ती बाकीच्या दिवसात उतरवावी लागते.

आता खरा आक्षेप. तो माझ्या भाच्याने घेतला आणि तो हलका नाही. तो म्हणाला, "मामू, मार आपण खायचा आणि श्वास बघत शांतही आपणच बसायचं? हे गुंगीचं औषध आहे." जे दुबळे आहेत त्यांनाच शांततेचे धडे का द्यायचे? मारणाऱ्यांना कुणी दहा दिवस बसवत नाही.

त्याला उत्तर देताना मला साताऱ्याचा एक मुलगा आठवला. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्याचे नाव दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडिलांना भेटायला घरातल्या मुलांबरोबर तो मसूर स्टेशनवर उतरला आणि बैलगाडीने खटाव तालुक्यातल्या गोरेगावकडे निघाला. त्याच खटाव तालुक्यातल्या. रात्री टोलनाक्यावर तहानेने जीव कासावीस झाला. महार म्हणून पाणी मिळणार नाही, तेव्हा मुसलमान असल्याचे सांगून बघा, असा सल्ला मिळालेला. त्या नऊ-दहा वर्षांच्या पोराने उर्दूत बोलून मुसलमान असल्याचे सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. एका रात्रीपुरता का होईना, आपले नाव पांघरून तो मुलगा तहानलेला झोपला, हे आपण मुसलमानांनी विसरू नये.

त्याच माणसाने 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह केला आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बुद्धांचा मार्ग स्वीकारला. त्यांना बुद्ध हवे होते ते अन्याय सोसण्याची ताकद वाढवण्यासाठी नव्हे. माणसामाणसांतले व्यवहार नीट असणे हाच त्यांच्या लेखी धम्म होता. म्हणून जे ध्यान अन्यायाविषयी डोळे मिटायला सांगते ते मलाही नको. मी भाच्याला म्हटले, "त्या रात्री तू बाहेर पडला असतास तर पुसेसावळीच्या त्या घराला काय मिळालं असतं? एक खोटा व्हिडिओ आणि आणखी एक प्रेत. मी भानावर असतो तर काय केलं असतं ते सांगतो. व्हिडिओ खोडला असता, खरी माहिती मिळवली असती, वकिलाला गाठलं असतं, निवेदनावर शंभर सह्या घेतल्या असत्या. थरथरणाऱ्या अंगठ्यानं यातलं काही होत नाही."

त्याला ते पुरते पटले असे नाही. रागही आपला हक्क आहे, असे तो म्हणतो. मी म्हणतो, हक्क आहे, पण लगाम त्याच्या हातात देऊ नकोस. अजून आमचे भांडण संपलेले नाही.

कुरआनातली एक छोटी सुरा आहे, माऊन. बहुतेकांना पाठ असते, लहान असते म्हणून नमाजीत पढलीही जाते. तिच्यात नमाजीविषयी गाफील असणाऱ्या नमाजींना इशारा आहे. आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे काय आहे? अनाथाला धक्के मारणे, गरिबाच्या पोटाची फिकीर न करणे, लोकांना दाखवायला इबादत करणे आणि रोजच्या वापरातली साधी चीजही शेजाऱ्याला नाकारणे. भाष्यकार भांडे, मीठ, पाणी अशी उदाहरणे देतात. म्हणजे लक्ष नसलेली नमाज आणि नाकारलेले पाणी एकाच सुरेत, एकाच माणसाच्या खात्यावर आहेत. ही सुरा मी शेकडो वेळा पढलो असेन. तिचा हा अर्थ मला श्वास पाहायला लागल्यावर दिसला. लक्ष ही मनाची चैन नाही. ते दुसऱ्याचे आपल्याकडे असलेले देणे आहे.

रोजच्या जगण्यात हे कसे उतरवायचे? मी जे करतो ते अगदी साधे आहे. फजरच्या आधी दहा मिनिटे बसतो, येणारा-जाणारा श्वास पाहतो. मन पळते, परत आणतो. पुन्हा पळते, पुन्हा आणतो. सर म्हणतात, हे परत आणणे हीच कसरत आहे. वजू करताना पाण्याचा गारवा मनगटापासून कोपरापर्यंत जाणवतो का, एवढे बघतो. पूर्वी वजू दीड मिनिटात उरकायचा, आता तीन मिनिटे लागतात आणि पाणी कमी लागते. जेवताना पहिले चार घास मोबाईलशिवाय. घरातले कुणी बोलत असेल तर उत्तर जुळवत न बसता आधी ऐकायचे. हे सर्वांत अवघड आहे, बायकोला विचारा. आणि कोणताही मजकूर पुढे पाठवण्याआधी तीन श्वास. छातीत गरम होत असेल तर तो दिवसभर पाठवायचा नाही.

यातले सगळे रोज जमते असे मुळीच नाही. परवाच अस्रच्या नमाजीत मी विजेच्या बिलाची बेरीज करत होतो. फरक एवढाच की दुसऱ्या रकातीतच ध्यानात आले, पूर्वी सलामानंतरही येत नसे.

त्या रात्री भाच्याला अडवताना अम्मीने ध्यानधारणा केली नव्हती. तिला लिहिता-वाचता येत नाही. नंतर एकदा मी विचारले, तुला कसे कळले की त्याला थांबवायला हवे? ती म्हणाली, "उसका मुँह देखा मैं." घरात सगळे मोबाईलकडे बघत होते. ती एकटी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.